दक्षिणेकडे पाय

भाड्याची खोली बघायला मी गेले, तेव्हा त्या गृहस्थांच्या हातात किल्लीऐवजी होकायंत्र होतं. आडनाव काय, गाव कुठलं, हे मराठी माणसाचे पहिले दोन प्रश्नही त्यांनी विचारले नाहीत. "तू पाय कुठे करून झोपतेस?" असं थेट विचारलं. सिडनीत तोवर माझी चार घरं बदलून झाली होती. घरमालकांनी पार्ट्यांबद्दल, मांजराबद्दल, फोडणीच्या वासाबद्दल विचारलं होतं; पायांची चौकशी कुणी केली नव्हती. "पलंग असेल तसे," मी म्हटलं. त्यांनी खेदाने मान हलवली, पलंगाचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं मला धरायला लावलं आणि माझे भावी पाय दक्षिणेकडून उत्तरेकडे वळवून दिले.

"दक्षिण म्हणजे यमाची दिशा," ते म्हणाले. "आता राहा खुशाल. नो वरीज."

अशी मी पॅरामॅट्याजवळच्या त्या घरामागच्या छोट्या स्वतंत्र खोलीत, इथल्या भाषेत ग्रॅनी फ्लॅटमध्ये, राहायला आले. राहिले पाच वर्षं. ते माझे काका झाले आणि त्यांच्या पत्नी काकू. मुलगा त्यांचा पर्थला. तो रविवारी फोन करायचा. उरलेले सहा दिवस काकांना मी होते.

काका रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. अंगातला सिग्नल मात्र निवृत्त झाला नव्हता. "सगळं बघितल्याशिवाय हिरवा द्यायचा नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. कलिंगड घ्यायला गेले की दुकानातली सगळी कलिंगडं वाजवून यायचे आणि येताना केळी आणायचे. वॉशिंग मशीन निवडायला त्यांना चौदा महिने लागले होते. त्या चौदा महिन्यांत घरातल्या चादरी कुणी धुतल्या, हे काकूंच्या मनगटांना विचारावं. शेवटी मशीन आलं ते उत्तमच होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. काकांची निवड कधी चुकायची नाही. ती व्हायची मात्र नाही.

अशा माणसाने अकरा वर्षं एक गोष्ट निवडायला घेतली होती: युरोपातली नदीवरची क्रूझ.

हट्ट मूळचा काकूंचा. त्यांचं माहेर कृष्णाकाठचं. लहानपणी पैलतीरावर जायला नाव असायची, आणि काठ आला की या उतरायलाच तयार नसायच्या. "मला वाटायचं, हिच्यातच झोपावं. आई कान धरून उतरवायची," त्यांनी मला एकदा सांगितलं. "समुद्र नको मला. दोन्ही बाजूंना काठ दिसले पाहिजेत. आणि नदीवर झोपायचंय गं एकदा. एवढंच." एवढंच म्हणताना त्या गुडघा चोळत होत्या. उजवा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता.

त्या 'एवढंच'चं काकांनी काय केलं, ते बघण्यासारखं होतं. जेवणाच्या टेबलावर कंपन्यांची माहितीपत्रकं गठ्ठ्याने पडलेली असायची. रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, मला बोलावणं यायचं, आणि मग मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखी एकेक बोट पुढे यायची.

"हे स्थळ बघ. घराणं चांगलं आहे. पण केबिन इंजिनाला लागून. म्हणजे सासू शेजारच्याच खोलीत."

"आणि हे?"

"नाकीडोळी नीटस. बाल्कनी आहे. पण फसू नकोस. गर्दीच्या धक्क्यावर या बोटी एकमेकींना चिकटून उभ्या करतात. पडदा उघडलास की समोर व्हिएन्ना नाही, शेजारच्या बोटीतला म्हातारा दात घासताना."

मी नुसती ऐकत बसायचे. मला ना युरोपला जायचं होतं, ना तेवढी रजा होती. पण एक माणूस एका प्रवासाकडे किती बाजूंनी बघू शकतो, याचंच मला कुतूहल वाटायचं. खालच्या मजल्यावरच्या केबिनला उघडता न येणारी छोटी खिडकी असते आणि पाणी तिच्या जेमतेम खाली असतं. पूल बुटके आले की वरचा डेक बंद करतात आणि कप्तानाची खोलीसुद्धा खाली बसते. उन्हाळा कोरडा गेला की नदीत पाणी उरत नाही, आणि क्रूझला आलेल्या लोकांना सूटकेससकट बसने फिरवतात. हे सगळं मला व्हिएन्ना-बुडापेस्टची डॅन्यूब नदी न बघता माहीत झालं. काकांनीही ती बघितली नव्हती.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण आणि तिचा नवरा अशी क्रूझ करून आले, असं माझ्या तोंडून निघून गेलं. झालं. पुढच्याच रविवारी दोघांना स्कोफिल्ड्सहून कांदेपोह्यांना बोलावण्यात आलं. ती बिचारी हौसेने फोनमध्ये चारशे फोटो घेऊन आली. काकांनी एकही राजवाडा बघितला नाही. वही उघडून त्यांनी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि विचारलं, "बुडापेस्टला बोट उभी असताना, सकाळी ऊन कुठल्या गालावर यायचं?"

मैत्रिणीने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "काका, वुई जस्ट स्लेप्ट, मेट."

नुसतं झोपलो! काकांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं, ते मी विसरणार नाही. त्यांनी वही मिटली. तेवढ्यात पोह्यांचं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी त्या दिवसातला त्यांचा एकमेव प्रश्न विचारला.

"झोपताना पाणी ऐकू येतं का गं?"

"येतं ना, काकू," मैत्रीण म्हणाली. "आमची केबिन अगदी खाली होती. रात्रभर कानाशी लपलप. खूप छान वाटायचं."

काकूंनी तिच्या बशीत आणखी एक डाव पोहे वाढले आणि आत निघून गेल्या. काकांनी त्या उत्तराची वहीत नोंद केली नाही. मी मात्र ते मनात ठेवलं.

उन्हाचा प्रश्न वरवरचा होता. खरी अडचण पायांची होती. घरातला पलंग वळवता येतो, हो. पण नदी वळते आणि बोटीतला पलंग जमिनीला ठोकलेला असतो, त्याचं काय? काकांनी डॅन्यूबचा मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि तिची वळणं कोनमापकाने मोजली. मी आयटीतली, म्हणून त्याची एक्सेल शीट करायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक बोट, प्रत्येक मजला, प्रत्येक बाजू, आणि शेवटचा रकाना: 'पाय'.

जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत नदी साधारण पूर्वेला जाते, तिथपर्यंत ठीक होतं. पुढे ती एकदम काटकोनात दक्षिणेला वळते आणि बुडापेस्टमधून खाली उतरते. बोटी धक्क्याला लागतात त्या बहुधा प्रवाहाला तोंड देऊन, म्हणजे तिथे उत्तरेकडे तोंड करून. आता ज्या केबिनमध्ये उशी बोटीच्या नाकाकडे आहे, तिथे झोपणाऱ्याचे पाय कुठे? काका माझ्याकडे असे बघायचे की, जणू मी स्वतः ती नदी वळवली आहे. "दोन रात्री, बुडापेस्टला. सरळ दक्षिण." शीटमधल्या त्या सगळ्या केबिन त्यांनी लाल करायला लावल्या. निम्म्या शीटला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

गंमत म्हणजे काका देवदेव करणारे नव्हते. संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीपुरताच त्यांचा उपास. मग ही दक्षिणच का एवढी मनाला लावून घेतली असेल, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत अकरा वर्षांच्या चाळणीतून दोन बोटी उरल्या. "मार्चअखेर हिरवा," काकांनी जाहीर केलं. काकूंनी कपाटावरची सूटकेस काढून पुसली.

मार्चमध्ये जग बंद झालं. ऑस्ट्रेलियाने दारं अशी लावून घेतली की बाहेरचा आत येईना आणि आतला बाहेर जाईना. ज्या दिवशी ती बातमी आली, त्या दिवशी काका ग्रॅनी फ्लॅटच्या दारापासून मोजून दीड मीटरवर येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर रुमाल बांधलेला होता. तरी आतलं हसू डोळ्यांत मावत नव्हतं.

"बघितलंस? दिला असता हिरवा, तर? अडकून पडलो असतो कुठल्या तरी धक्क्यावर!"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं थांबणं बरोबर ठरलं होतं, आणि तेही साऱ्या जगाच्या साक्षीने. मलाही हसू आलं. मग त्यांच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी दिसली. काकू पोळ्या लाटत होत्या. सूटकेस परत कपाटावर गेली होती.

पुढल्या वर्षीच्या जानेवारीत जरा मोकळीक होती, तेव्हा काकांनी रंगीत तालीम ठरवली. "डॅन्यूब बंद आहे ना? पॅरामॅटा नदी चालू आहे." पॅरामॅट्याहून फेरीने शहरात जायचं आणि यायचं. मास्क, पाण्याच्या बाटल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, होकायंत्र. फेरीत कुठे बसायचं ते दाखवायला सीटवर हिरवे ठिपके चिकटवलेले होते. एकाच घरातली माणसं शेजारी बसली तर कुणाची हरकत नव्हती, पण काकांनी तिघांना तीन ठिपक्यांवर बसवलं आणि लांबूनच ओरडून दिशा सांगायला सुरुवात केली. "आता पूर्व! आता ईशान्य! पाय सांभाळ!" एक ऑस्ट्रेलियन आजोबा पाय उचलून बघायला लागले.

काकू ठिपका सोडून केव्हाच बाहेर गेल्या होत्या. मी मागोमाग गेले. दोन्ही काठांना खारफुटी होती आणि चिखलाचा ओलसर वास येत होता. पाणी मातकट होतं. एक पेलिकन खांबावर बसून आमच्याकडे तुच्छतेने बघत होता. काकूंनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. तासभर तो त्यांनी सोडला नाही. मी त्यांना इतकं खूश कधीच बघितलं नव्हतं, आणि मला उगाचच अपराधी वाटलं.

परतीच्या वाटेवर ओहोटी लागली. पॅरामॅट्यापर्यंत जायला नदीत पुरेसं पाणी नाही, म्हणून अलीकडच्याच धक्क्यावर सगळ्यांना उतरवलं आणि पुढे बसने जा म्हणून सांगितलं. बाकीचे प्रवासी वैतागले. काका आनंदाने थरथरत होते. "अगं, हेच! ऱ्हाईनवर ऑगस्टमध्ये हुबेहूब हेच होतं! मी शीटमध्ये लिहिलंय!" धक्क्याच्या चढावर काकू दोनदा थांबल्या. बसच्या पायरीवर त्यांना मी हात दिला. बसमध्ये बसल्यावर त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "अजून थोडं पाणी असायला हवं होतं."

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मोठं लॉकडाऊन लागलं. घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायचं, तेही व्यायामापुरतं. काकांनी कंपास घेऊन नकाशावर वर्तुळ काढलं आणि त्यातले सगळे रस्ते चढ-उतारांसकट अभ्यासायला घेतले. मी खोलीतून ऑफिस करायचे. दुपारी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले की काकू भेटायच्या. कपड्यांच्या फिरत्या तारेच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी, मधे काकांचे शर्ट. अशा एका दुपारी मी विचारलं, "काकू, काका सगळ्यालाच इतका वेळ लावतात? पहिल्यापासून?"

"छे गं," त्या म्हणाल्या. "आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट यांनी जेवणाच्या सुट्टीत ठरवली."

मग कळलं ते असं. पुण्यात असताना एका मित्राने ऑस्ट्रेलियाचा फॉर्म आणून दिला. काकांनी तो डबा खाता खाता भरला आणि पोस्टात टाकला. "मी सही केली. नवऱ्याने पुढे केलेल्या कागदावर करायचे तशी. काय होतं ते व्हिसा आल्यावर कळलं. त्याच महिन्यात शाळेने मला मुख्याध्यापिका केलं होतं." त्यांनी एक शर्ट झटकला. "इथे आल्यावर पहिली सहा वर्षं मी एका कारखान्यात डबे भरले. तेव्हापासून यांनी घाईने काही ठरवलं नाही. माझ्यासाठी तर नाहीच. चुकेल म्हणून भितात."

"तुम्ही कधी बोलला नाहीत त्यांना?"

"काय बोलायचं? माणूस वाईट नाही." चिमटा लावून त्या खाली बसल्या, पायरीवर, एक हात गुडघ्यावर ठेवून. "पण गुडघा काही ब्रोशर वाचत नाही गं. डॉक्टर म्हणाले, जोवर जिने चढता येतायत तोवर चढून घ्या."

इतकी वर्षं मी काकांच्या चोखंदळपणाकडे गंमत म्हणून बघत होते, आणि त्या गमतीचं एकेक वर्ष या बाईच्या गुडघ्यातून वजा होत होतं. त्या शीटचे रंग मीच तर भरले होते.

सीमा उघडल्या. काकांनी माहितीपत्रकं नव्याने मागवली, कारण आता शीटमध्ये नवे रकाने हवे होते: मास्क, चाचण्या, केबिनमधली हवा. दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत एक दिवस ते कलिंगड आणायला गेलेले असताना काकू माझ्या दारात आल्या. एका हातात दोन पासपोर्ट, दुसऱ्या हातात त्यांचं कार्ड.

"लॅपटॉप काढ. मे महिन्यातली बोट बघ. पासाऊ ते बुडापेस्ट."

"कुठली कंपनी, काकू?"

"कुठलीही. केबिन तळाची पाहिजे. पाणी ऐकू येणारी."

तळाची एकच शिल्लक होती. मी सवयीने आराखडा मोठा करून बघितला आणि थांबले. उशी बोटीच्या नाकाकडे. शीटमध्ये लालभडक.

"काकू, बुडापेस्टला दोन रात्री पाय दक्षिणेकडे येतील."

काकू हसल्या. चष्मा काढून पदराने पुसला. घरातही साडी नेसायच्या त्या. "अगं, यांनी मला उचलून पृथ्वीच्या दक्षिणेला आणून ठेवलं, तेव्हा नाही यम आडवा आला. बत्तीस वर्षं सगळ्या अंगानेच दक्षिणेत झोपतेय. दाब ते बटण."

मी दाबलं.

जेवणाच्या टेबलावर, माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यावर, त्यांनी तो छापलेला कागद ठेवला, तेव्हा मीही तिथेच होते. काकांनी तो वाचला. मग दुसरा चष्मा लावून परत वाचला.

"कुणी ठरवलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"मला न विचारता?"

"हो. तेव्हा तुम्ही मला न विचारता ठरवलंत, आता मी. फिटंफाट."

इतक्या साध्या आवाजात, जणू भाजीत मीठ घातलंय असं सांगावं. कलिंगड काकांच्या काखेत तसंच होतं. त्या दिवशी त्यांनी ते खरंच आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी काका माझ्या दाराशी आले. हातात शीटची छापील प्रत, त्यातली एक लाल ओळ पेनने गोल केलेली.

"तू तिला हे सांगितलं नाहीस?"

"सांगितलं, काका."

"मग? काय म्हणाली?"

सांगावं की नाही, मला कळेना. पण या घरातल्या इतक्या गोष्टी न सांगता राहून गेल्या होत्या, की मी सांगून टाकलं. काकूंचे शब्द, जसेच्या तसे.

ते ग्रॅनी फ्लॅटच्या पायरीवर बसले. मास्क हनुवटीवर आला होता. म्हणाले, "बत्तीस वर्षांत एकदाही म्हणाली नाही गं. एकदा जरी ओरडली असती..." मग खिशातून होकायंत्र काढून त्यांनी ते उगाच हातात फिरवलं. "मला वाटायचं, या खेपेला तरी तिच्यासाठी काही चुकायला नको."

"काकूंना पाणी ऐकायचंय, काका. तेवढंच."

"ते शीटमध्ये नव्हतंच," ते म्हणाले. आणि ते खरं होतं. चाळीस रकान्यांत तो एक नव्हता.

मे महिन्यात मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. काकूंनी काठी घेतली होती. काका काकूंच्या अर्धं पाऊल मागे चालत होते; एरवी ते चार पावलं पुढे असायचे. गेटपाशी त्यांनी होकायंत्र माझ्या हातात दिलं. "वजन होतं," म्हणाले. ते कानातल्यांच्या डबीएवढं होतं.

आठ दिवस काही कळलं नाही. नवव्या दिवशी दुपारी तीन वाजता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन थरथरला. तिकडे सकाळ झालेली असणार. फोटो होता. अरुंद पलंग दोन, त्यांवर पायमोज्यांतले चार पाय, पलीकडे छोटी खिडकी, आणि खिडकीच्या काचेशी, अगदी डोळ्यांच्या उंचीवर, आत डोकावणारा एक हंस. उजवीकडच्या पायांखाली दोन उशा रचलेल्या होत्या, गुडघ्याला आधार म्हणून.

खाली काकांनी लिहिलं होतं: "बुडापेस्ट. पाय सरळ दक्षिणेला. दोघांचेही."

मी उत्तर लिहीत होते, तेवढ्यात दुसरा मेसेज आला.

"रात्रभर जागाच होतो. पाणी ऐकत. ती मात्र गाढ झोपली."